मंजुरीची प्रतीक्षा

आमच्या डायलिसिस केंद्रात माझा दादा व्यवस्थापक आहे आणि मी त्याच्या हाताखाली. पेशंटला आठवण करून देणं, ड्रायव्हरला फेऱ्या कळवणं ही कामं एक सॉफ्टवेअर आपोआप करतं. कधी काय घडलं याची नोंद त्यात राहते. त्या नोंदी बघणं माझ्या गळ्यात. दादाला मात्र आपोआप काही झालेलं खपत नाही. टॉवेलांचा गठ्ठा मागवायचा असो की कुणाचा पत्ता बदलायचा असो, त्यानं बटण दाबल्याशिवाय काहीच पुढे सरकू नये, असं त्यानं माझ्याकडून मुद्दाम बसवून घेतलं होतं.

मंगळवारी आमच्या पेशंट, शाळेत गणित शिकवलेल्या म्हणून ‘गणिताच्या बाई’, यांना डायलिसिसला आणायला गाडी गेलीच नाही. बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दोनदा केंद्रात फोन केला, तर रेकॉर्ड केलेल्या आवाजानं सांगितलं की गाडी निघाली आहे. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना आणि शेजाऱ्यांनी अतिदक्षता विभागात नेलं. बाई वाचल्या, पण त्यात आमचं श्रेय शून्य.

खापर फुटलं ड्रायव्हरवर. त्यांना आम्ही घड्याळकाका म्हणतो, कारण अकरा वर्षांत त्यांची गाडी पाच मिनिटंसुद्धा चुकली नव्हती. दादानं माझ्याकडून नोंदींचं पान छापून घेतलं. ‘ड्रायव्हरला संदेश पाठवला: यशस्वी.’ हिरवी खूण. मीही घाईत तेवढंच पाहिलं आणि खाली सही ठोकली. शनिवारी बारा वाजता केंद्राच्या मालकांसमोर, म्हणजे मोठ्या डॉक्टरांसमोर, काकांना काढायचं ठरलं. गाडीची किल्ली दादानं आधीच काढून घेतली होती.

शनिवारी सकाळी काका माझ्या टेबलाशी आले.

“ताई, मला मेसेज आलाच नाही. रोजच्या फेऱ्या मला पाठ आहेत. बाईंचा वार या आठवड्यात बदलला, ते मला कोण सांगणार?”

“काका, इथं यशस्वी लिहिलंय.”

“कुठल्या नंबरावर यशस्वी?”

मी ती ओळ उघडली. आत जुना नंबर होता. काकांचं सिम केव्हाच बंद पडलं होतं, आणि यशस्वी म्हणजे फक्त आमच्याकडून गेला, एवढंच. नवा नंबर त्यांनी अर्ज भरून कळवला होता. अर्ज शोधला. ‘मंजुरीची प्रतीक्षा: व्यवस्थापक.’ एकोणीस दिवस. रोज सकाळी दादाला एक आठवण गेलेली आणि प्रत्येकीपुढे ‘पाहिली’.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचाही राग आला. एक ओळ उघडायला मला मंगळवारपासून वेळ मिळाला नव्हता! मी लॅपटॉप तसाच उचलला आणि दादाच्या खोलीत शिरले. आधी नोंदींची प्रत काढून ठेवावी, एवढी अक्कल त्या रागात सुचली नाही.

दादानं शांतपणे वाचलं. “दिवसाला साठ आठवणी येतात गं. कुठं कुठं बघू?”

“मग साठ गोष्टींत नाक कशाला खुपसतोस? बाई मेल्या असत्या!”

“हळू बोल. तू माझी सख्खी बहीण आहेस ना?”

“काका पण कुणाचे तरी सख्खे आहेत, दादा.”

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, आपला पासवर्ड घातला आणि महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. तो अधिकार केंद्रात फक्त त्यालाच आहे. “सिस्टीम जड झाली होती,” म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. लहानपणी माझी पाटी फोडून माझ्याच दप्तरात ठेवली होती, तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता.

बारा वाजता मोठे डॉक्टर आले. टेबलावर किल्ली, पलीकडे हात बांधून काका. दादानं माझ्या सहीचं पान पुढे सरकवलं.

“ती सही माझी, आणि ती चुकीची आहे,” मी म्हणाले. आवाज चढला तो चढलाच. “आजच्या नोंदी बघा.”

नोंदींच्या यादीत एकच ओळ उरली होती. ‘महिन्याच्या सर्व नोंदी पुसल्या. पुसणारा: व्यवस्थापक. वेळ: सकाळी अकरा बेचाळीस.’ पुसल्याचीही नोंद होते, हे दादाला ठाऊक नव्हतं. नोंदी बघणं हे हलकं काम म्हणून त्यानं माझ्यावर ढकललेलं.

“यात काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं. दादा पुन्हा चष्मा पुसायला लागला. मी सगळं सांगितलं, पण पुरावा कुठं होता?

डॉक्टरांनी त्या ओळीतल्या वेळेवर बोट ठेवलं. मग त्यांनी किल्ली काकांकडे सरकवली. काकांनी हात लावला नाही.

“आधी माझा नंबर घाला. इथं, माझ्यासमोर.”

मी दहा आकडे भरले. पडद्यावर लाल चौकट आली. ‘हा अर्ज आधीच आलेला आहे. मंजुरीची प्रतीक्षा: व्यवस्थापक. एकोणीस दिवस.’

नोंदी पुसल्या होत्या, अर्ज तसाच लटकत होता. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

मी लॅपटॉप दादासमोर ठेवला. “दाब.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यानं बटण दाबलं. काकांच्या खिशातला फोन लगेच वाजला. नंबर बदलल्याचा संदेश आला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, किल्ली उचलली आणि दादाकडे न बघता म्हणाले, “बाईंना आज दुपारी दवाखान्यातून घरी सोडतायत. मी आणायला जातो.”