आखूड बोल्ट

बाबांच्या गॅरेजमध्ये थोरलीने अकरा वर्षं हात काळे केले होते. पण धाकटी कोर्स करून आल्यापासून बाबा उठसूट म्हणायचे, "धाकटीला विचार." थोरलीच्या पोटात दुखायचं, पण ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही.

त्या दिवशी एका गाडीला दुसऱ्या कंपनीचा नवा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा, बसवायचा होता. जुने बोल्ट गंजले होते. धाकटीने त्यांची जाडी जुळवली, आटे जुळवले, डोक्यावरचा मजबुतीचा आकडाही पाहिला आणि तेवढ्याच लांबीचे नवे बोल्ट काढले. बाबा कौतुकाने बघत राहिले.

थोरलीने मात्र नव्या शाफ्टच्या टोकाची, बोल्ट जिच्यातून जातात ती चकती मापली. ती जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर पातळ होती. म्हणजे बोल्ट भोकाच्या तळाला टेकणार, हाताला घट्ट लागणार, पण शाफ्ट सैलच राहणार आणि रस्त्यात कधीतरी निखळणार.

ती गप्प बसली. एकदा तरी हिची फजिती होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. धाकटीने चार बोल्ट आवळले. ती पाचवा आवळत असताना थोरलीचं लक्ष बाकावर गेलं. गाडीची मालकीण तिथे वाट बघत बसली होती.

"काढ ते," थोरली म्हणाली. "लांब आहेत. दोन मिलिमीटर आखूड लागतील."

धाकटीने शाफ्ट हलवून पाहिला. तो खरंच हलला. "ताई, माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"बघ," बाबा थोरलीला म्हणाले, "चूक कशी लगेच कबूल करते पोरगी."

थोरलीने धाकटीच्या हातातला पाना काढून घेतला आणि आखूड बोल्ट एकेक करून स्वतःच आवळले.