भिंतीवरची पाटी आणि तिची सवत

मी ऑर्फेलिनाबाईंच्या स्वयंपाकघरातली पाटी बोलतेय. लिनारेस गावच्या शाळेतला एक फळा मोडला, तेव्हा तिथल्या रोसामेल मास्तरांनी त्याचा धड राहिलेला तुकडा कापून घरी आणला. चौकट ठोकली, सात वारांच्या रेघा आखल्या आणि बायकोला म्हणाले, “घे. आता रोज सकाळी मला विचारू नकोस, काय करू म्हणून.” तो माझा जन्म.

हिवाळाभर या घरात माझं राज्य. रविवारी बाई खडू घेतात आणि सोमवारी मसूर, मंगळवारी बटाट्याचा रस्सा असं सगळं लिहून मोकळ्या होतात. मास्तर येता-जाता मला वाचतात, आणि नावडता वार आला की उसासा टाकतात.

पण डिसेंबर लागला, आमच्याकडचा उन्हाळा आला, उन्हं तापली, की माझी सवत खुंटीवरून खाली उतरते.

सवत म्हणजे वेताची टोपली. दर शनिवारी ती बाईंच्या हातात बसून बाजारात जाते, आणि ती जे आणेल ते शिजतं. बाई आधी काही लिहीतच नाहीत. बाजारात काय आलंय ते बघू, म्हणतात. एखाद्या वेळी हिवाळ्याच्या सवयीनं माझ्यावर कोंबडी लिहिलेली असते आणि टोपलीतून ताज्या घेवड्याच्या शेंगा निघतात. मग ओल्या तळव्याने कोंबडी पुसली जाते.

मी जळते. लपवत नाही. तिकडे भाजीवाली नोल्फा आणि बाई एकमेकींना ‘कासेरा’ म्हणतात. आमच्याकडे नेहमीची विकणारीही कासेरा आणि नेहमीची घेणारीही कासेराच. त्या दोघींच्या गप्पा टोपली ऐकते आणि सब्जाच्या पानांचा वास लेवून घरी येते. माझ्या अंगाला खडूचा वास.

या जानेवारीत बाई अंगणात घसरल्या आणि पाय मोडला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की आता सवत खुंटीला लटकेल.

बाईंना मात्र वेगळीच काळजी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मुलगा सान्तियागोहून बायकापोरांना घेऊन येतो, तो उमिता खायला. मका वाटायचा, त्यात कांदा आणि सब्जा घालायचा, मक्याच्याच पानात बांधून उकडायचं. पोरं वर्षातून एकदा येतात, त्यांना काय दुकानातलं वाढू, असं त्या दिवसभर म्हणत होत्या.

त्याच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी मास्तर टोपली घेऊन गेले. करून बघू म्हणून बाईंनी खुर्चीत बसून हुकूम सोडले आणि मास्तरांनी मका वाटला. पानातून सगळं पातळ होऊन भांड्यात वाहून गेलं.

“अहो, हा गोड मका आहे. याला पाणीच सुटणार. दाण्याला नख लावून पाहिलंत का?”

“नख लावलं असतं तर तुझ्या कासेरानं हात तोडला असता माझा.”

“माझा नाही तोडत ती.”

बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या शनिवारी बाई मास्तरांना म्हणाल्या, “ती पाटी काढा.” त्यांनी मला स्वच्छ पुसलं. “कोरीच न्या. म्हणावं, कासेरा, आज काय चांगलं आहे ते तूच लिही.”

मी टोपलीत बसून बाजारात गेले. सवतीच्या मांडीवर. नोल्फानं एका दाण्यात नख रुतवलं, तसा दाट दुधाचा थेंब माझ्यावर उडाला. मग तिनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: मका उद्याच वाटा. घेवडा गुरुवारपर्यंत थांबेल. टोमॅटो लगेच खा. भोपळा अजून कोवळा आहे, थांबा. वर सब्जाची जुडी ठेवली.

बाई आधी का लिहीत नाहीत, ते मला तिथं कळलं. मका कधी तयार होईल हे रविवारी स्वयंपाकघरात बसून कसं ठरवणार? कळलं, पण जळणं काही थांबलं नाही. हे सगळं सवतीनं इतकी वर्षं एकटीनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उमिता घट्ट झाल्या. पोरांनी पानंसुद्धा चाटली. पुढचा आठवडा बाईंनी नोल्फाच्या ओळी वाचून खुर्चीतूनच आखला. मग मी दर शनिवारी जाऊ लागले. बाईंचा पाय जरा उशिरा बरा व्हावा असं मला वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चात प्लास्टर निघालं. आज शनिवार. बाईंनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्यात टोपली. मला भिंतीवरच ठेवलं. दारातून मात्र परत आल्या, खडू घेतला आणि सातही वारांवरून आडवी एकच ओळ लिहिली: बाजार म्हणेल ते.

माझ्या छातीवर सवतीचा कारभार लिहून त्या गेल्या. सकाळपासून मी तेच वाचतेय.

बाई, एकच मागणं आहे. घरी आल्यावर ओला हात फिरवाल, तेव्हा तेवढी ओळ पुसू नका. सवतीच्या वाटणीतला का होईना, बाजाराचा तेवढाच तुकडा माझ्याकडे आहे.