खानाच्या महालातलं तपचान

मारूफ आका मर्गिलानमध्ये सोन्याचे दात बसवायचा. अर्ध्या गावाच्या तोंडात त्याची कारागिरी चमकत होती. त्याचा त्याला इतका ताठा, की रस्त्यात कुणी नुसतं हसलं तरी आपल्यालाच सलाम केला असं तो धरून चालायचा. त्याची बायको शोहिस्ता लग्नापासून त्याच्या या दिमाखाला तोंड मिटून हसत आली होती.

त्या वर्षी अंगणातलं जुनं तपचान वाळवीने खाल्लं. आता तपचान नाही म्हणजे उन्हाळाभर करायचं काय? जेवण, झोप, भांडण, पाहुणे, सगळं त्या कठड्याच्या ऐसपैस लाकडी बैठकीवरच व्हायचं. आणि नेमकी आता मोहिराला मागणी घालायला माणसं येणार होती. लेकीची आधीची दोन स्थळं या दीडशहाण्याने घालवली होती. एका मुलाच्या बापाचे दात दुसऱ्याने बसवलेले निघाले म्हणून, आणि दुसऱ्या मुलाची आत्या चहा पिताना आवाज करते म्हणून! हा तिसरा, फ्रिज दुरुस्त करणारा एल्योर, मोहिराने स्वतः पसंत केला होता.

"आई, हेही मोडलं ना, तर मी पुन्हा कुणापुढे चहा घेऊन यायची नाही," तिने बजावलं होतं. "मग बसा दोघं मला सांभाळत."

तिघं तपचान बघायला निघाली. फरगाण्याच्या दुकानात नव्या फॅशनचं होतं, एकाच बाजूला पाठ आणि वर फिकट राखाडी गादी. त्यावर चार माणसं बसली की दवाखान्यात नंबर लावल्यासारखी दिसली असती, आणि मध्ये जेवणाचं दस्तरखान पसरायला वीतभर जागा नव्हती. ते तिघांनाही नको होतं. मग एका बंद पडलेल्या सामुदायिक शेतीच्या चहाखान्यातलं मिळालं. लोखंडी पाय, निळा रंग, फळ्या बसून बसून गुळगुळीत झालेल्या. शोहिस्ता त्यावर मांडी घालून बसली ती उठेचना.

"हेच घेऊया," ती म्हणाली. "दहा माणसं सहज मावतील."

"ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या बुडाखालचं? माझ्या अंगणात?" मारूफ आकाने नाक मुरडलं.

मग जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने त्याला बरोब्बर हेरलं. गोदामातून एक काळपट, कोरीव तपचान बाहेर काढलं, कठड्यावर डाळिंबं, खांबांवर वेली. "खानाच्या महालातलं आहे, आका. पारखी माणूस भेटेना म्हणून ठेवून दिलं होतं," म्हणाला. पारखी माणूस लगेच फुगला. शोहिस्ताने एका खांबावर नख मारलं तर काळा रंग नखात आला. तिने नवऱ्याला नख दाखवलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

तपचान घरी आलं आणि घरात जणू जावई आला. सकाळी त्याला तेल, संध्याकाळी फडकं. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि हा छाती काढून महालाची गोष्ट सांगायचा. दर वेळी खान आणखी थोडा जुना व्हायचा.

पाहुणे येणार त्या सकाळी शोहिस्ता गाद्या घेऊन आली. लेकीसाठी तिनेच शिवलेल्या, कापसाने गच्च भरलेल्या, वर मर्गिलानचं रेशीम. पाहुण्याखाली जेवढ्या जाड गाद्या तेवढा त्याचा मान, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"त्या घालायच्या नाहीत," मारूफ आका म्हणाला.

"म्हणजे?"

"गाद्यांनी कोरीवकाम झाकलं जातं. लोकांना दिसलं पाहिजे."

"अहो, मागणी घालायला येताहेत ती माणसं! उघड्या लाकडावर बसवणार त्यांना? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुला त्यातलं काही कळत नाही. ठेव आत."

दरवाजात पाहुणे दिसले म्हणून ती गप्प बसली. वरमाईची बहीण रोबिया खाला पुढे, मागे मुलाचे थोरले चुलते हमदमचाचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चाचा उघड्या फळीवर टेकले आणि त्यांचा चेहराच बदलला. ते एकदा या बाजूला कलले, एकदा त्या बाजूला. शेवटी म्हणाले, "मारूफ आका, एखादी जुनी गादी असली तर..."

"खानसुद्धा असाच बसायचा, चाचा!" मारूफ आका हसला. "जरा या वेलीवर हात फिरवून बघा."

शोहिस्ताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोहिरा चहा घेऊन आली. तिने दस्तरखानावर एकावर एक ठेवलेले दोन नान मांडले. हे नान मोडले म्हणजे लग्न ठरलं. रोबिया खालाने चहाची किटली उचलली, पेले भरले आणि किटली जरा बाजूला, लाकडावर ठेवली.

"अहो, तिथे नको! डाग पडेल!" मारूफ आकाने झडप घालून किटली ओढली. चहा खालाच्या नव्या झग्यावर सांडला.

खालाने झगा झटकला. मग दोन्ही हात चेहऱ्यासमोर उचलले, निघताना दुवा मागायला उचलतात तसे. नान जसेच्या तसे होते. मोहिराचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा, खाला!" शोहिस्ता ओरडली. एवढ्या मोठ्याने ती त्या घरात कधी बोलली नव्हती. तिने आत जाऊन गाद्यांची अख्खी चळत कवटाळून आणली आणि अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली जमिनीवर धडाधड पसरली. "इथे बसा. वर आमच्या ह्यांचा खान बसलाय, त्याला बसू दे. आमच्यात पाहुण्यांना असं बसवत नाहीत, माझं चुकलं, मी मघाशी ह्यांचं ऐकायलाच नको होतं. चाचा, हात द्या."

हमदमचाचा गादीवर बसले आणि त्यांनी 'हाय अल्लाह' करून पाय पसरले. रोबिया खाला क्षणभर उभीच राहिली. मग मोहिराकडे बघून तीही बसली आणि फसकन हसली. "अगं शोहिस्ता, केवढ्या मऊ शिवल्या आहेस!" मोहिराने नान खाली आणले.

"मारूफ आका," खालाने वर हाक मारली, "या ना खाली. मुलीच्या बापाशिवाय नान कसा मोडायचा?"

"आलो, आलो. एवढं पुसून घेतो, नाहीतर लाकूड पांढरं पडतं."

तो ओणवा होऊन फडक्याने फळी घासत होता. घासता घासता त्या जागचा काळा रंग फडक्याला लागला, म्हणून तो आणखी घाईने घासू लागला. खाली सगळे वाट बघत राहिले. मोहिराही बघत राहिली. मग खालाने शोहिस्ताकडे पाहिलं, शोहिस्ताने मान हलवली, आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून नान मोडला. चाचांनी दुवा म्हटली. दोघी गळ्यात पडून रडल्या.

थोड्या वेळाने मोहिराने एक तुकडा वर नेला आणि बापाला दिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं, बाबा."

तो तिथेच बसून तुकडा खाऊ लागला, दुसऱ्या हाताचा पसा हनुवटीखाली धरून, लाकडावर कण पडू नयेत म्हणून.