सार्जंट ट्रेलरमध्ये चढेना

सार्जंट या घोड्याला गाडीमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये चढायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. दर रविवारी कोरल म्हणायची, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी कुणाचं तरी घोडं लंगडायचं, कुणी तरी पोर पडून रडत बसायचं, आणि सार्जंट आला तसा टॅमसिनला पाठीवर घेऊन जंगलातल्या वाटेने सहा किलोमीटर चालत घरी जायचा. टॅमसिनचा बाप केल म्हणायचा, "चार पाय आहेत ना त्याला? मग गाडी कशाला हवी?" सगळे हसायचे. कोरलही हसायची.

वॅरिगल क्रीकच्या, मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या पोनी क्लबात कोरल हेगर्टी अठ्ठावीस वर्षं फुकट राबत होती. जिच्यासाठी ती पहिल्यांदा इथे आली, ती तिची मुलगी केव्हाच मेलबर्नला जाऊन वकील झाली होती. कोरल मात्र मागेच राहिली. मैदानाचं गवत कापायचं, अडथळ्यांचे खांब रंगवायचे, पडलेल्या पोरांचे डोळे पुसून त्यांना परत खोगिरावर बसवायचं. मुलं तिला 'मिसेस एच' म्हणायची, आणि एकसष्टाव्या वर्षीही ती हाक ऐकली की तिचे दुखरे गुडघे आपोआप चालू लागायचे.

फेब्रुवारीतला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातला, घोड्यांचा शो सलग दोन वर्षं रद्द झाला होता, एकदा पुरामुळे आणि एकदा घोड्यांच्या साथीमुळे. यंदा गुरुवारी समितीची बैठक भरली तेव्हा शनिवारच्या वणव्याच्या धोक्याचा अंदाज 'मध्यम' होता, पण दुपारी वारा वाढेल असंही त्यात होतं. तिघं म्हणाले घ्यावा, तिघं म्हणाले नको. मग सगळ्यांनी कोरलकडे पाहिलं.

"पोरं वर्षभर खरारा करून हात झिजवतायत," कोरल म्हणाली. "सकाळी सातला सुरू करू, एकच्या आत आटपू. घेऊ या."

शनिवारी सकाळी सगळं छान चाललं होतं. टॅमसिन तेरा वर्षांची, हाडकुळी, बोलायला लागली की थांबायची नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सार्जंटच्या पांढुरक्या आयाळीच्या तिने सत्तावीस वेण्या घातल्या होत्या आणि खुरांना तेल लावलं होतं. केलने त्याला लिलावातून आणलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता चार वर्षांनी तो पहिल्यांदाच परीक्षकांसमोर उभा राहणार होता.

साडेदहाला आगीच्या बंबावरच्या स्वयंसेवकांचे फोन वाजले. केल त्यांतलाच. हातातलं सँडविच तसंच टाकून तो गाडीकडे पळाला.

"कोरल, पोरीकडे बघशील?"

"बघते. तू जा."

"फार काही नसेल. शेतातलं कुणाचं तरी मशीन पेटलंय म्हणे."

पण अकरा वाजता, परीक्षक बाई सार्जंटच्या पुढच्या पायावरून हात फिरवत असताना, टेकडीमागून धूर वर आला. पांढरा नव्हता, मातकट आणि जाड होता. मैदानावरचे सगळे फोन धोक्याच्या इशाऱ्याने एकदम किंचाळले. वारा ठरल्या वेळेच्या दोन तास आधीच फिरला होता.

त्यानंतर आरडाओरडा असा झाला नाही. आयांनी पोरं मोजली, बापांनी घोडी चढवायला ट्रेलरच्या फळ्या खाली पाडल्या. सतरा घोडी होती आणि नऊ ट्रेलर. बाहेर जायचा रस्ता एकच, खाली गावाकडे जाणारा. दुसरी वाट जंगलातून टॅमसिनच्या घराकडे जायची, आणि धूर तिकडूनच येत होता. अर्ध्या तासात सोळा घोडी चढली. शेवटचा राहिला कोरलचा ट्रेलर, आणि त्याच्यासमोर चारी पाय रोवून उभा असलेला सार्जंट.

"चल ना रे, राजा," टॅमसिन फळीवर उभी राहून दोरी ओढत होती. "हे बघ, ओट्स. बघ तरी! मी आत आहे ना? मी आहे!"

सार्जंट एक पाय फळीवर ठेवायचा. त्या पोकळ लाकडाचा आवाज झाला की थरथरून मागे सरायचा. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसायला लागला होता.

फाटक सांभाळणारा नेव्ह, सत्तरीचा म्हातारा, आपली जुनी गाडी सुरू ठेवून उभा होता. "कोरल, आता निघायला हवं."

"पाच मिनिटं, नेव्ह."

"तू मघाशीही पाचच म्हणाली होतीस."

त्यांनी मागून दोर लावून ओढलं. पोटाखालून दुसरा दोर घेऊन पाहिला. टॅमसिनने त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत त्याची मान कुरवाळली. एकदा तर तो पुढच्या दोन पायांनी आत गेलाही. तेवढ्यात वाऱ्याने झाडाची जळकी साल उडत येऊन ट्रेलरच्या पत्र्यावर आपटली, आणि सार्जंट असा उसळून मागे आला की टॅमसिन फळीवरून गवतात पडली.

ती उठली ती थेट त्याच्या पाठीवर चढायला.

"मी ह्याला घेऊन जाते. आम्ही नेहमी जातो ती वाट. त्याला पाठ आहे!"

कोरलने तिला कमरेला धरून खाली खेचलं. "वेडी आहेस का? आग तिकडेच आहे!"

"मग गावाच्या रस्त्याने जाते!"

"बारा किलोमीटर? ह्या धुरात? गाड्यांच्या मधून?"

"मग मी नाही येणार!" टॅमसिनने सार्जंटच्या मानेला मिठी मारली. "तुम्ही जा सगळे. मी इथेच थांबते."

नेव्हने कोरलकडे पाहिलं.  टेकडीच्या कडेला आता नारिंगी रंग दिसत होता.

कोरल गुडघे टेकून टॅमसिनसमोर बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "ऐक. नेव्हच्या गाडीत बस. मी ह्याला घेऊन तुझ्या मागोमाग येते. तू समोर असलीस की तो तुझ्याकडेच बघत राहतो. तू गेलीस की चढेल."

"नक्की?"

"याच्यापेक्षा हट्टी घोडी चढवली आहेत मी."

"शपथ घ्या."

"शपथ," कोरल म्हणाली.

म्हणतानाच तिला ठाऊक होतं. आजवर तिने एकाही पोराला खोटं सांगितलं नव्हतं. पडलं की दुखतं, दुखणार नाही असं मी म्हणणार नाही, हे ती प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायची. टॅमसिनने तिच्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. नेव्हची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत पोरगी मागच्या काचेला चिकटून होती.

मग कोरलने सगळं करून पाहिलं. अंगातला शर्ट काढून सार्जंटच्या डोळ्यांवर बांधला, तो त्याने झटकून टाकला. बादली वाजवली, गोड बोलली, शिव्या दिल्या, शेवटी शेपटावर चाबूक मारला. अठ्ठावीस वर्षांत तिने घोड्यावर रागाने चाबूक उगारला नव्हता. सार्जंट वळला, दोरी तिच्या मनगटाभोवती आवळली आणि काहीतरी कडकन मोडलं. ती फळीवर आपटली. डावा हात कोपराखाली भलत्याच बाजूला लोंबत होता.

"चढ ना रे," ती ओरडली. "चढ, मेल्या, तुझ्या पाया पडते, चढ!"

सार्जंट दहा पावलांवर थांबला होता आणि तिच्याकडे बघत होता. पळून गेला नाही. तिचा आवाज दर रविवारी ऐकायची त्याला सवय होती.

तेवढ्यात लाल बंब फाटकातून आत आला. केल उडी मारून उतरला. त्याचा चेहरा काजळीने माखला होता.

"टॅमसिन कुठंय?"

"नेव्हबरोबर गेली. गावात पोचली असेल."

"मग तू इथे काय करतेयस?" मग त्याने सार्जंटला पाहिलं, ट्रेलर पाहिला, तिचा हात पाहिला. त्याचे खांदे खाली आले. "दहा मिनिटांत रस्ता बंद होणार. वरचा पूल गेला."

"मी तिच्यासमोर शपथ घेतलीय, केल."

"घोडा आहे तो." हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. त्याने पुढे होऊन सार्जंटच्या तोंडावरची नायलॉनची पट्टी काढली, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. कोरलने खिशातल्या जाड पेनाने, बक्षिसांच्या फितींवर नावं लिहायच्या पेनाने, सार्जंटच्या पुढच्या खुरावर केलचा फोन नंबर लिहिला. मैदानाच्या मध्यभागी वाळूचं रिंगण होतं. तिथे गवताची काडीही नव्हती. त्यांनी त्याला तिथे नेऊन सोडलं, पाण्याची दोन पिंपं ओढून ठेवली, आणि रस्त्याकडचं फाटक लावून घेतलं. उघडं ठेवावं की लावावं, यावर ते क्षणभरच बोलले. रस्त्यावर गेला तर धुरात गाडीखाली येईल, म्हणून लावलं.

कोरल एका हाताने गाडी चालवत निघाली. आरशात तिला पांढरा घोडा फाटकापर्यंत धावत आलेला दिसला. तो खिंकाळला असेल. काचा बंद होत्या.

गावातल्या सभागृहाबाहेर सगळे जमले होते. वळणावर कोरलची गाडी आणि मागे ट्रेलर दिसताच टॅमसिन धावत सुटली. "आणला! मिसेस एचनी आणला!" गाडी थांबायच्या आत ती मागे पोचली होती. कोरल खाली उतरेपर्यंत तिने दाराची कडी उघडली होती.

आत थोडंसं गवत होतं, एक बादली होती, आणि ओट्स सांडलेले होते.

टॅमसिन रडली नाही. तिने दार परत लावलं, कडी नीट घातली, आणि कोरलकडे न बघता सभागृहात निघून गेली.

तीन दिवस रस्ते बंद होते. कोरलच्या हाताला प्लास्टर पडलं. आया येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवत होत्या, सोळा घोडी वाचवलीस म्हणत होत्या, आणि तो हात खांद्यावर पडला की तिला ओरडावंसं वाटायचं. रोज ती सभागृहात जाऊन पोरांना सूप वाढायची. टॅमसिन तिच्या हातचं घ्यायची नाही. दुसऱ्या बाईच्या रांगेत उभी राहायची.

चौथ्या दिवशी सकाळी केलचा फोन वाजला. जनावरं शोधत फिरणाऱ्या स्वयंसेवकांना खुरावरचा नंबर वाचता आला होता. सार्जंट जिवंत होता.

केलने गाडी काढली. टॅमसिन पुढे बसली. केलने खिडकी खाली करून फुटपाथवर उभ्या असलेल्या कोरलला विचारलं, "येतेस?" तिने पोरीकडे पाहिलं. टॅमसिन समोर बघत राहिली, पण नाही म्हणाली नाही.

मैदानावर सगळं काळं होतं. क्लबची झोपडी नव्हती, अडथळे नव्हते. वाळूच्या रिंगणात सार्जंट उभा होता, मान खाली घातलेली. वेण्या जळून मानेवर काळे गोळे उरले होते. पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. टॅमसिनचा आवाज ऐकून त्याने कान हलवले आणि एक पाऊल टाकायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

गुरांची डॉक्टर त्याच्या पायांशी बसली होती. ती उठून केलला बाजूला घेऊ लागली, पण टॅमसिन म्हणाली, "मला सांगा. घोडा माझा आहे."

डॉक्टरने तिला सांगितलं. जळत्या जमिनीवरून पळाला असावा, मग परत वाळूवर आला. चारही खूर वरच्या कडेपासून सुटायला लागले होते. दुखणं थांबवणारं औषध दिलं होतं, पण खूर परत धरणार नव्हते. किती दिवस ठेवलं तरी शेवट तोच होता.

"मग आजच," टॅमसिन म्हणाली. 

तिने त्याच्या नाकावर ओला फडका फिरवला. केल तिच्या मागे उभा राहिला, पण त्याला बघवेना. तो वळून जळक्या कुंपणाकडे गेला आणि तिथे डोकं टेकून उभा राहिला. डॉक्टरने सुई भरली आणि विचारलं, "डोकं कोण धरणार?"

टॅमसिनने हात पुढे केले, पण ते डोकं तिला एकटीला पेलेना. मग चार दिवसांत पहिल्यांदा तिने कोरलकडे पाहिलं.

"तुम्ही धरा. माझ्याबरोबर."

कोरलने उजवा हात त्याच्या गालाखाली घातला. टॅमसिनने दुसऱ्या बाजूने धरलं. घोड्याचा श्वास गरम होता आणि त्याला धुराचा वास होता.

"मिसेस एच," टॅमसिन म्हणाली, "तुम्ही निघालात तेव्हा तो घाबरला होता का?"

कोरलच्या घशाशी सोपं उत्तर आलं. तिने ते गिळलं.

"हो. फाटकापर्यंत माझ्या मागे धावत आला. मी थांबले नाही."

टॅमसिनने मान हलवली. तिचं कपाळ घोड्याच्या कपाळाला टेकलेलं होतं. डॉक्टरने दोघींना सांगितलं की पाय दुमडायला लागले की मागे सरा. ते दुमडले तेव्हा दोघींपैकी कुणीच सरलं नाही, त्याच्याबरोबर वाळूवर बसल्या, आणि डॉक्टरने कानातली नळी काढून मान हलवली तरी बऱ्याच वेळपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

शेवटी टॅमसिन उठली. कोरलला एका हाताने उठता येईना, हे तिने पाहिलं. क्षणभर तशीच उभी राहिली. मग वाकली, कोरलच्या काखेत हात घातला, तिला उभं केलं आणि लगेच सोडलं.

"मला अजून तुमचा राग आहे," ती म्हणाली.

"असू दे," कोरल म्हणाली.

मग ती बापाकडे कुंपणापाशी चालत गेली.