फिरकीच्या तांब्यातलं पाणी

मित्रांनो, फिरकीचा तांब्या तुम्ही कधी हातात घेतला आहे का? बहुतेकांनी नसेलच. प्लास्टिकची बाटली यायच्या आधी प्रवासाला निघालेल्या प्रत्येक घराच्या पिशवीत आमच्यापैकी एकजण असायचा. पितळेचा, पोटाला गोल, गळ्याला आटे, आणि त्या आट्यांवर फिरवून बसवायचं झाकण. गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडायचा नाही. तसलाच एक जुना तांब्या म्हणजे मी. माझ्या पोटाला पोचे आहेत, कल्हई जागोजागी उडाली आहे आणि बुडाशी 'भरमू' हे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. मी फार गोड बोलणारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पितळ आहे मी, साखर नव्हे.

माझा जन्म ठोके खाऊनच झाला. एका तांबटानं पत्रा ठोकून माझं पोट केलं, दुसऱ्यानं गळ्याला आटे पाडले. मग बेळगावच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानात मी दोरीला टांगून राहिलो. एक दिवस कंग्राळीचे भरमूअण्णा नव्या नवरीला घेऊन दुकानात आले. जयाबाई तिचं नाव. तिनं मला दोरीवरून काढलं, झाकण फिरवून पाहिलं, आणि म्हणाली, "ह्यो बरा हाय." माझं कौतुक ते एवढंच झालं, पण मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

पुढची वर्षं मी पाणी वाहिलं. अण्णांबरोबर भाताच्या शेतावर गेलो, आणि पुढे त्यांना शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिथेही. जयाबाईचं माहेर गुंजीचं. खानापूर गेलं की गाडीत गारवा यायचा, आणि ती खिडकीतून माहेरच्या झाडांकडे बघत मला मांडीवर घेऊन बसायची. सौंदत्तीच्या जत्रेत डोंगरावर मी किती अनोळखी माणसांची तहान भागवली, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पाण्याला नाही म्हणायचं नसतं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

अण्णांची एक खोड मात्र सांगायलाच हवी. पाणी सांडलेलं त्यांना खपायचं नाही. ते झाकण इतकं आवळायचे की त्यांच्याशिवाय ते कुणाला उघडायचं नाही. जयाबाईला घोटभर पाणी हवं असलं तरी मला त्यांच्यापुढे धरावं लागे. ती वैतागून म्हणायची, "सुंभ जळंल, पर तुमचा पीळ जायाचा न्हाय." अण्णा हसायचे आणि एका झटक्यात झाकण उघडून द्यायचे. मला वाटतं, आवळण्यापेक्षा त्यांना ते उघडून देणंच जास्त आवडत असावं.

मग बाटल्या आल्या. मला माळ्यावर टाकलं. शेजारी एक बिघडलेला मिक्सर आणि गणपतीच्या आराशीचं खोकं. घरात लेक तेजस्वी मोठी झाली, बँकेत लागली, लग्न होऊन शहरात राहायला गेली, हे सगळं मी वरून नुसतं ऐकलं. राग आला नाही. माळ्यावर राग येत नाही, धूळ येते.

जयाबाईला लग्नाआधीपासून एक राजवाडा बघायचा होता. निपाणीच्या पलीकडे, एका जुन्या संस्थानाचा. अण्णांनी तिला देव दाखवले, डोंगर दाखवले, नातलगांची लग्नं दाखवली. राजवाडा तेवढा राहिला. शेवटी नोकरी संपल्यावर त्यांनी बेळगावच्या नागेंद्रच्या एक दिवसाच्या सहलीत दोन जागा धरल्या. नागेंद्र स्वतःच गाईड, स्वतःच मालक. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला माळ्यावरून काढलं, चिंचेनं घासलं, पाणी भरलं आणि नेहमीसारखं झाकण आवळलं. "बाटलीतलं पाणी राजवाड्यात शोभायचं न्हाय," असं म्हणाले.

सकाळी उंबऱ्यात बसून चप्पल घालताना अण्णा पुढे वाकले, ते वाकलेच. पिशवीत मी होतो. बाकीचं तुम्हाला सांगत नाही.

त्यानंतर जयाबाईनं मला पिशवीतून काढून आपल्या अंथरुणाशी ठेवलं. ती रडली नाही. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, "रडू द्या तिला, अशी ऱ्हायली तर कसं व्हायचं?" पण रडू द्या म्हटल्यानं कुणी रडतं का? कुणी पुढ्यात ताट ठेवलं तर ती जेवायची, नाही ठेवलं तर तशीच बसायची. तेजस्वी विचारायची, "आई, काय पायजे गं?" उत्तर ठरलेलं, "काय न्हाय." एकदा तेजस्वीनं मला रिकामं करायला उचललं, तर आईनं नुसता हात पुढे केला आणि मला परत घेतलं. ते पाणी अण्णांनी भरलेलं होतं आणि झाकणाला शेवटचा हात त्यांचा होता. ते उघडलं की तोही जाणार, एवढंच तिच्या मनात होतं. मलाही काही वाटत नव्हतं. भरलेल्या भांड्यावर टिचकी मारून बघा, वाजत नाही. आम्हा दोघांचं तसं झालं होतं.

महिना उलटला. तेजस्वीनं नागेंद्रला फोन करून त्या दोन जागा पुढच्या सहलीत घेतल्या. एकीवर आई, दुसरीवर ती स्वतः. पण ऐन वेळी तिच्या लहानग्याला ताप आला. जयाबाईला बसमध्ये बसवताना ती नागेंद्रला म्हणाली, "अण्णा गेल्यापासनं आई तेवढा तांब्या हातातनं सोडत न्हाय. कुणी काढून घेऊ नका." नागेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. पाणी तापू नये म्हणून जयाबाईनं मला अण्णांच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यात बांधलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "काय काळजी करू नका, मॅडम. समजलं मला."

त्याला काय समजलं ते मला घटप्रभेच्या पुलावर कळलं. मित्रांनो, आपल्याकडे माणूस गेलं की अस्थी तांब्यात भरतात, वर पांढरं फडकं बांधतात आणि नदीला नेतात. विधवा बाई, मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्या आणि वाटेत नद्या. बसमधल्या माणसांनी दोन अधिक दोन केले आणि बेरीज चुकली. जयाबाईशेजारी खानापूरची मालुबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. तिनं मला पाहिलं, पदर सावरला आणि उठून मागच्या बाकावर दाटीवाटीनं जाऊन बसली.

घटप्रभेच्या पुलावर बस हळू झाली. बायकांनी हात जोडले. जयाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. संकेश्वरला हिरण्यकेशीच्या पुलावर बस आणखी हळू झाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अजून मन व्हईना वाटतं." निपाणी गेल्यावर यमगर्णीजवळ वेदगंगा आली, तेव्हा नागेंद्रनं बस थांबवलीच. "पाच मिंटं," तो म्हणाला आणि जयाबाईकडे न बघता पाण्याकडे बघत उभा राहिला. जयाबाईला वाटलं, गाडी बिघडली. मी ह्या सगळ्यांना काय सांगणार? माझं तोंड तर आवळलेलं.

राजवाडा मात्र खरोखर राजवाडाच होता. बाहेर मोठा नगारखाना, मग बाग, बागेच्या टोकाला दगडी पायऱ्या आणि वर उंच खांबांची देवडी. नागेंद्र आधी सगळ्यांना बागेतून फिरवू लागला. "राजेसाहेबांनी राणीसाहेबांसाठी हे कारंजं विलायतेहून आणलं. टेकडीवरच्या तळ्यातलं पाणी आपसूक उडायचं."

"आता उडतंय का?" एकीनं विचारलं.

"आता आयतवारी मोटर लावत्यात."

बायका हसल्या. जयाबाई गुलाबाच्या वाफ्यांवरून, कापलेल्या हिरवळीवरून, हत्तीखान्यासमोरून चालली. ह्याच बागेची तिला इतकी वर्षं आस होती. मी तिच्या कुशीला होतो, त्यामुळे मला ठाऊक आहे, तिचा श्वास एकदाही बदलला नाही. डोळे बघत होते, ती बघत नव्हती.

पायऱ्यांपाशी नागेंद्र तिच्याजवळ आला. "आक्का, आत गेल्या गेल्या राजघराण्याचं देवघर हाय. तेवढं हे... बसमधी ठेवतासा का? मला काय न्हाय हो, पर बाकीच्यांस्नी..."

जयाबाईला वाटलं, बाहेरचं पाणी आत चालत नसेल. "मी हितंच बसतो," ती म्हणाली. "तुमी जावा."

सगळे आत गेले आणि ती बकुळीच्या झाडाखालच्या बाकावर बसली. आयुष्यभर बघायचा राहिलेला राजवाडा पंचवीस पावलांवर होता आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. माझ्यामुळे ती बाहेर राहिली होती.

थोड्या वेळानं मालुबाई पायऱ्या उतरून परत आली. गुडघ्यांनी तिला अर्ध्यातून माघारी धाडलं होतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बराच वेळ पाय चोळत राहिली. मग तिनं खाली पडलेली बकुळीची फुलं वेचली, माझ्यापुढे ठेवली आणि मला हात जोडले. इतक्या वर्षांत मला कुणी हात जोडले नव्हते. फार अवघडलो.

"मालक का?" मालुबाईनं विचारलं.

"व्हय, त्यांचाच हाय," जयाबाई म्हणाली.

"सोड आता त्यांस्नी, बाई. तीन नद्या गेल्या. आमचं मालक गेलंतं तवा मीबी असंच धरून बसलो हुतो. पर मानूस आडकतं गं आपल्या धरण्यानं."

जयाबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं. "कुणाला सोडू?"

मालुबाईनं माझ्याकडे बोट केलं.

"आक्का, ह्यात पाणी हाय."

"पाणी?"

"प्यायचं पाणी. त्यांनी भरलेलं. हितं यायला म्हणून."

मालुबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आन् मी सकाळधरनं तुझ्यापसनं लांब बसलो. समदी बस हात जोडाय लागलीती. त्यो नागेंद्र उगंच पुलावर गाडी थांबवत हुता व्हय?"

"मला वाटलं, गाडी बिघडलीया," जयाबाई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. जयाबाईच्या पोटात काहीतरी हललं. ते हसू होतं की दुसरं काही, सांगता येत नाही. पण महिनाभरात हललेली ती पहिली गोष्ट होती.

"मग पाणी हाय तर पीत का न्हाईस?" मालुबाईनं विचारलं.

"उघडत न्हाय. त्यांचा हात हाय त्याला."

मालुबाई 'उघड' म्हणाली नाही. तिनं नुसता माझ्या बुडाला दोन्ही हातांनी घट्ट आधार दिला आणि वाट बघत राहिली. जयाबाईनं फडकं सोडलं. झाकणावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मित्रांनो, मीही ते झाकण धरूनच ठेवलं होतं, हे खोटं कशाला बोलू? अण्णांचा हात मलाही हवा होता. पण दोन म्हाताऱ्या जोर लावत होत्या, एकीची नस मनगटावर तटतटली होती, आणि शेवटी माझे आटे सुटले. पाण्याला पितळेचा उग्र वास आला होता. जयाबाईनं आत डोकावून पाहिलं. मग मला हळूहळू बकुळीच्या बुंध्याशी रिकामं केलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटं धरून ठेवलं.

मी रिकामा तिच्या मांडीवर पडलो. ती झाकण मुठीत धरून बसली. बागेत माळी पाण्याची नळी ओढत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आक्का, तान लागलीया मला."

मालुबाई गुडघे विसरून उठली. नळाशी नेऊन तिनं वाफ्यातल्या मातीनं मला आतबाहेर घासलं. माळी ओरडला, "ओ आज्जी, वाफा मोडतासा!" तिनं ऐकलं नाही. तीनदा विसळून, काठोकाठ भरून तिनं मला आणून दिलं. जयाबाईनं मान वर करून धार तोंडात घेतली. पाणी गळ्यावरून ओघळलं, पदर भिजला, तरी ती थांबली नाही. सगळं प्यायली. मग मला पुढे करून म्हणाली, "आनखी आन." दुसऱ्यांदा पिताना ती रडत होती, पण पिणं सुटलं नाही.

तिसऱ्यांदा मला भरून घेऊन दोघी एकमेकींचा हात धरून पायऱ्या चढल्या. देवडीत नागेंद्र आडवा आला. मालुबाई म्हणाली, "पाणी हाय रं बाबा त्यात. पायजे तर पी." त्याचा चेहरा पडला. तीन पूल त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. तो ओंजळ करून वाकला, आणि जयाबाईनं त्याच्या ओंजळीत माझी धार धरली. मग मागच्या बायकाही एकेक करून आल्या.

आत दरबार होता, आरसे होते, हंड्या-झुंबरं होती. जयाबाई एकेका गोष्टीपाशी थांबत होती आणि मालुबाईला विचारत होती, "हे कशाला वापरत आसतील गं?" मी मात्र एका काचेच्या कपाटाकडे बघत राहिलो. आत राजेसाहेबांचा चांदीचा तांब्या होता, लखलखीत, पोचा म्हणून नाही. खाली पाटी होती, 'रोजच्या वापरातील'. त्याच्या तोंडाला कुणाचे ओठ लागून जमाना झाला असेल. मला त्याचा हेवा वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद माळ्यावर पडला असेल, तर त्याला खाली काढा. चिंचेनं घासा, आतून कल्हई करून घ्या. आठवण म्हणून त्याला कपाटात बंद करू नका, आणि गेलेल्या माणसानं भरलेलं पाणी म्हणून ते शिळंही करू नका. रोज ओता, रोज भरा, दारी येईल त्याला द्या. आणि झाकण लावताना हात जरा हलका ठेवा. आपल्यामागे ते दुसऱ्या कुणाला तरी उघडायचं असतं.