पहिला घास सवतीचा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. दुर्गाबाईच्या गळ्यात दोन वस्तू असत: नवऱ्याच्या नावाचं डोरलं आणि सवतीच्या नावाचा टाक. सवत म्हणजे महादेवरावांची पहिली बायको, सुभद्रा. दुर्गाबाईनं तिला कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पण तेल्हाऱ्याकडच्या त्या घराची रीतच होती. पहिली वारली की तिची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं, ताटातला पहिला घास आधी त्याला दाखवायचा. मेलेलीचे एवढे लाड, आणि जितीला 'जेवलीस का' म्हणून विचारायला कोणी नाही!

कापूस वेचणी संपता संपता दुर्गाबाईचा घास गळ्याशी अडकू लागला. जेवायला बसली की मानेवर कुणाची तरी गार बोटं चढत. पेजेवर दिवस निघू लागले, बांगड्या कोपराकडे सरकल्या. भगत झाले, उतारे झाले. "सुभद्रानं गळा धरला," असं नणंद पार्बताबाई उघड म्हणे, आणि भावासाठी तिसरीचं स्थळ पाही. तिसरी आली की तिच्या गळ्यात दोन टाक असतील आणि त्यातला एक आपला असेल, हे दुर्गाबाईला पक्कं कळत होतं. त्या भीतीनं तिचा जीव अर्धा झाला.

शेवटी महादेवरावांनी तिला अकोल्याला, पार्बताबाईच्या घरी आणलं. गावात कलकत्त्याहून शिकून आलेले डॉक्टर कमलाकांत होते. नुसत्या बोलण्यानं मनाचे आजार बरे करत म्हणे. लोकांना काय, जिभेला हाड नाही. कोणी म्हणे, ते पाहताच मनातलं ओळखतात. कोणी म्हणे, झोपवून भूत काढतात. कोणी म्हणे, सगळा दोष आईच्या माथी मारतात. महादेवरावांनी डॉक्टरांच्या टेबलावर नारळ-लिंबं मांडली.

"काढा सायब तिले बाहेर."

"मी कोणाला काढत नाही," नारळ परत देत डॉक्टर म्हणाले. "बाईंना मनात येईल ते बोलू द्या. मी ऐकेन. वेळ लागेल."

"नुसतं ऐकून काय होते?" पुटपुटत महादेवराव ओट्यावर जाऊन बसले.

डॉक्टरांच्या खोलीत रोग्यानं पडून बोलावं म्हणून पलंग होता; त्यावर पडायला दुर्गाबाईनं साफ नकार दिला. ती भिंतीला टेकून खालीच बसली. दाराशी डॉक्टरांची ठार बहिरी आई वाती वळत होती. डॉक्टरनं मनातलं वाचू नये म्हणून दुर्गाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. पण खरी भीती त्यांची नव्हतीच. ऐकणारी तर गळ्यातच होती.

कितीतरी दिवस ती गप्प राहिली आणि डॉक्टरही. एके दुपारी मात्र तिचा संताप उसळला.

"काहून बसून राहता असे? तीबी अशीच! सारं ऐकते, बोलत काही नाही."

"बोलली असती तर?"

"तर भांडली असती मी! पहिला घास तिचा, पहिलं लुगडं तिचं, मालक झोपेत नाव घेते ते तिचं. अन् मी? मले वाटते तिचा गळाच..."

बोलता बोलता तिनं टाक मुठीत आवळला होता. दोरा मानेत रुतला, श्वास कोंडला. मानेवर तीच गार बोटं होती. तिनं खाली पाहिलं. बोटं तिचीच होती.

ती खूप रडली.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईनं ताट वाढलं आणि टाकाला घास दाखवायची वाट पाहत उभी राहिली. दुर्गाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातला. पार्बताबाईचा हात छातीशी गेला. घास हळूहळू गळ्याखाली उतरला. मग दुर्गाबाईनं दुसरा तुकडा मोडून टाकापुढे धरला.

"घे बाई. आता तू."

महादेवरावांनी दबकत विचारलं, "गेली का वं ते?"

"नाही," दुर्गाबाई म्हणाली. "कुठी जाईन ते? तिलेबी या घरात जेवली का म्हणून कोणी इचारलं नसन."