तारेवरचा हात

पंख

"संपतभाऊ, पिल्लू जितं हाय! हालतंय बघा."

ठकूबाईच्या चिकूच्या बागेवरून गेलेल्या दोन तारांमध्ये वटवाघळाची मादी लटकली होती. ओढ्याकाठच्या वडावर वटवाघळं दिवसभर शेकड्यांनी झोपतात आणि सांजेला फळांवर निघतात. उघडलेला पंख चार फुटी. तारांमधलं अंतर त्याहून कमी. एक तार शिवली तर काही होत नाही; दोन्ही एकदम शिवल्या की संपलं.

लाइनमन संपतनं बांबू उचलला. "पाडतो."

"अन् लेकरू?" ठकूबाई म्हणाली. "आपटून मरंल की! चढा राव. तीन वर्सं झाली, खांबावर न्हाई दिसला तुमी. जमिनीवरचं लाइनमन झालाय."

काख

पिल्लू तिथं होतं. मेलेल्या आईला तोंडानं धरून.

भरत

एकाच खांबावर दोन फीडर, दोन वेगळ्या वीजवाहिन्या. वर गावठाणचा, खाली शेतीचा. तीन वर्षांपूर्वी काम वरच्या फीडरवर होतं आणि संपतनं बंद करून घेतला खालचा. मग हाताखालच्या पोराला ओरडला, "चढ रे भरत, बंद हाय."

भरत चढला.

अंगठा

आज संपतनं सबस्टेशनला फोन करून दोन्ही फीडर बंद करायला लावले. ऑपरेटर कल्याणीकडून दोनदा वदवून घेतलं. तारांवर अर्थिंगची साखळी टाकली. तरी पहिल्या पायरीवर पाय ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

वर जाऊन पाहिलं तर तो पंख नव्हताच. हात होता. मनगट, चार लांब बोटं, बोटांमध्ये ताणलेली काळी कातडी तारेला चिकटलेली. अंगठा तेवढा कातडीबाहेर, त्याचं नख तारेला अडकलेलं.

त्यानं एकेक बोट सोडवलं.

भरतचीही अशीच सोडवावी लागली होती.

खाली

उतरलेल्या संपतच्या सदऱ्याला चिकटलेलं पिल्लू ठकूबाईनं फडक्यात घेतलं. "आगं बया, केवढं ऊन लागतंय हाताला!"

संपतनं साखळी काढून घेतली. कल्याणीचा फोन वाजला.

"भाऊ, चालू करू का? गावातनं लई फोन येत्यात."

"थांब. खांबावर कोण हाय का बघतो."

"कोण असणार? तुमी एकटंच गेला व्हता ना?"

संपतनं वर पाहिलं. खांब रिकामा होता. तो दोन पावलं मागं सरला, पलीकडच्या बाजूनं पाहिलं. तिकडूनही रिकामाच.

"भाऊ? हाय का कोण?"

खांबाला हात टेकून तो वर बघत राहिला.

"अजून थांब," तो म्हणाला.